वीस सेकंदांसाठी सहा वर्षं!

पोलीस भरती असो, तबला असो नाहीतर स्पर्धा परीक्षा. कुणी बघत नसताना, कुणी टाळ्या वाजवत नसताना एकट्यानंच रोज तेच ते करत राहायचं, हे जमतं कसं? आपल्याच मराठवाड्यातल्या अविनाश साबळेचं घड्याळ नीट वाचलं, तर थोडं कळतं.

पालम : गंगाखेडकडं किंवा लोह्याकडं जाणाऱ्या रस्त्यानं पहाटे पाच-साडेपाचला एकदा चक्कर मारून बघा. अंधारातनं कुणीतरी पळत येताना दिसतंच. हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच लावलेलं. समोरून गाडी आली की लाइटच्या उजेडात चेहरा दिसतो, गाडी गेली की पुन्हा अंधार आणि पावलांचा आवाज.

यातले बरेचजण भरतीवाले. घरी कापूस, सोयाबीन, तूर. दिवसा शेतातलं काम किंवा कॉलेज, संध्याकाळी अभ्यासिका. मधल्या वेळात आईबापाचा, नातेवाइकांचा आणि गल्लीतल्या रिकाम्या माणसांचा एकच प्रश्न : झालं का काही?

या प्रश्नाला उत्तर नसतं. कारण पळणं रोज होतं, ‘काही’ मात्र रोज होत नाही. स्टेटसला टाकावं असं तर काहीच नसतं. कालच्यापेक्षा आज दोन सेकंद कमी लागले, याचं रील कोण बघणार?

पण मित्रांनो, गंमत अशी आहे की जगातले भलेभले या दोन सेकंदांवरच मोठे झालेत. आणि त्यातला एक तर आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला आहे.

काटा अडकतो तिथं...

आधी आपल्या ओळखीचा आकडा घेऊ. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण असतात. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. मुलांनी 1600 मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं, तर 20 पैकी 20. मुलींसाठी हाच आकडा दोन मिनिटं पन्नास सेकंद. जेवढा उशीर, तेवढे गुण कमी.

पाच मिनिटं दहा सेकंद म्हणजे काय? तर 400 मीटरच्या ग्राउंडचे चार राउंड आणि प्रत्येक राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. पहिला राउंड कुणीही मारतं. दुसराही जोशात जातो. तिसऱ्यात छाती भरून येते आणि चौथ्यात खरा माणूस कळतो.

ज्यानं ही तयारी केलीय त्याला अजून एक गोष्ट ठाऊक असेल. सुरुवातीला टायमिंग पटापट खाली येतं. साडेसहा मिनिटांचं सहा होतं, सहाचं पावणेसहा. वाटतं, आता महिनाभरात पाच-दहा झालंच समजा. आणि मग काटा अडकतो. आठवड्यामागून आठवडे जातात, पोरगा तेवढंच पळतो, तेवढाच दमतो, मोबाइलवर आकडा मात्र तोच.

पळणं सोडणारे बहुतेकजण इथंच सोडतात. कारण पहिल्या महिन्यात शरीर आपोआप बक्षीस देत असतं. नंतर ते देणं बंद करतं आणि तरीही उठायचं असतं. आता हा ‘तरीही’ आणायचा कुठनं?

मांडव्याचा मुलगा

अविनाश साबळे. जन्म 13 सप्टेंबर 1994, गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. घरची शेती, तीही आष्टीसारख्या दुष्काळी भागातली. शाळा घरापासून सहा किलोमीटर लांब आणि जायला गाडी नाही. त्यामुळं कधी चालत, कधी पळत शाळा गाठायची. त्यावेळी याला कुणी ‘ट्रेनिंग’ म्हटलं नसेल. शाळेला उशीर नको, एवढाच हिशोब.

बारावी झाली आणि तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. इथं जरा थांबू. ऑलिम्पिक, मेडल असलं काही डोक्यात घेऊन तो गेला नव्हता. घर चालवायला नोकरी पाहिजे होती म्हणून गेला. आज पालमच्या रस्त्यावर पळणाऱ्या पोराचं जे कारण आहे, तेच त्याचं होतं. त्यामुळं ‘नोकरीसाठी पळतोय’ असं सांगताना कुणी मान खाली घालायचं कारण नाही.

पोस्टिंग कुठं? तर सियाचीनच्या बर्फात. मग राजस्थानचं वाळवंट. मग सिक्कीम. 2015 मध्ये सैन्यातल्या क्रॉस कंट्री स्पर्धेत तो उतरला आणि तिथून धावणं गंभीरपणे सुरू झालं. म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी! ज्या वयात आपल्याकडं ‘आता उशीर झाला’ असं सांगायला सुरुवात होते, त्या वयात याची सुरुवात झाली.

मध्ये दुखापत झाली, वजन वाढलं, ते घाम गाळून उतरवलं. सैन्यातले कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडं वळवलं. ते साल होतं 2017.

स्टीपलचेस हा प्रकार आपल्याकडं फारसा माहीत नाही. तीन हजार मीटर पळायचं आणि वाटेत 35 वेळा उडी मारायची. त्यातल्या सात उड्या पाण्याच्या. सविस्तर माहिती शेवटच्या चौकटीत दिलीय. आत्ता एवढंच लक्षात ठेवा, की यातले अडथळे पक्के असतात. पाय लागला तर अडथळा पडत नाही, माणूस पडतो.

घड्याळ काय सांगतं?

28 सप्टेंबर 2018. भुवनेश्वर. अविनाशनं स्टीपलचेस 8 मिनिटं 29.80 सेकंदांत पूर्ण केली आणि गोपाल सैनी यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तो विक्रम होता 1981 चा, 8 मिनिटं 30.88 सेकंदांचा. 37 वर्षं जुना!

बातम्या आल्या, कौतुक झालं. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. पुढचे आकडे घाई न करता वाचा.

मार्च 2019, पतियाळा : 8:28.94
ऑक्टोबर 2019, दोहा, जागतिक स्पर्धेची प्राथमिक फेरी : 8:25.23
तिथंच तीन दिवसांनी, फायनल : 8:21.37
मार्च 2021, पतियाळा : 8:20.20
जुलै 2021, टोकियो ऑलिम्पिक : 8:18.12
मार्च 2022, तिरुवनंतपुरम : 8:16.21
जून 2022, रबात : 8:12.48
ऑगस्ट 2022, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा : 8:11.20
जुलै 2024, पॅरिस डायमंड लीग : 8:09.91

पहिला धरून दहा वेळा राष्ट्रीय विक्रम. पहिल्यापासून दहाव्यापर्यंतचा फरक किती? 19.89 सेकंद. वेळ किती लागला? जवळपास सहा वर्षं. वर्षाला साडेतीन सेकंदही नाहीत. 35 अडथळ्यांवर वाटून बघितलं, तर दर अडथळ्यामागं अर्ध्या सेकंदापेक्षा थोडं जास्त.

आता शेवटच्या दोन ओळी पुन्हा बघा. बर्मिंगहॅम ते पॅरिस, जवळपास दोन वर्षं, आणि सुधारणा फक्त 1.29 सेकंद. म्हणजे याचाही काटा अडकला होता की! देशातला सगळ्यात भारी स्टीपलचेसर, पगार सुरू, कोच हाताशी, परदेशात ट्रेनिंग, तरी घड्याळ दोन वर्षं जागचं हललं नाही. मग पालमच्या रस्त्यावर तीन आठवडे आकडा अडकला म्हणून स्वतःला नालायक ठरवायची घाई कशाला?

भरतीवाल्यांसाठी अजून एक हिशोब. पॅरिसमधल्या वेगाची सरासरी काढली, तर 1600 मीटरला साधारण 4 मिनिटं 21 सेकंद होतात. उड्या मारत, पाण्यातनं पळत! हे वाचून दडपण घ्यायचं कारण नाही. पण माणसाचं शरीर कुठवर जाऊ शकतं, याचा अंदाज येतो.

सगळं नीट करूनही...

मोटिव्हेशनच्या व्हिडिओत एक वाक्य हमखास असतं : मेहनत करा, फळ मिळणारच. हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण अविनाशच्या बाबतीतसुद्धा ते दरवेळी खरं ठरलेलं नाही.

टोकियो ऑलिम्पिक बघा. 1952 नंतर पहिल्यांदाच भारताचा पुरुष धावपटू ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसमध्ये उतरला होता. प्राथमिक फेरीत अविनाश 8:18.12 मध्ये पळाला. त्याच्या आयुष्यातली तोवरची सर्वोत्तम वेळ, नवा राष्ट्रीय विक्रम. आणि तरी फायनल हुकली! कारण त्याची हीट वेगवान निघाली आणि तो सातवा आला. दुसऱ्या एका हीटमधून जे पहिले तिघं थेट फायनलला गेले, ते तिघंही त्याच्यापेक्षा हळू पळाले होते. नियम म्हणजे नियम.

आयुष्यातली बेस्ट रेस मारायची आणि बाहेर व्हायचं. भरतीत एका गुणानं राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढच्या वर्षी बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धेत 1998 पासून 2018 पर्यंत पुरुषांच्या स्टीपलचेसची सगळीच्या सगळी पदकं केनियानं नेली होती. तिथं अविनाशनं रौप्य मिळवलं. सुवर्ण मिळवणारा केनियाचा अब्राहम किबिवोत त्याच्या किती पुढं होता? 0.05 सेकंद. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मग 2023. ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत गारद झाला. लोक म्हणायला लागले, संपला. त्यानंतर दीड महिन्यानं, 1 ऑक्टोबरला, हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 8:19.50 या स्पर्धा विक्रमासह सुवर्ण! त्याच स्पर्धेत 5000 मीटरचं रौप्यसुद्धा. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला पोहोचणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. तिथं अकरावा आला. मे 2025 मध्ये कोरियातल्या गुमीत आशियाई अजिंक्यपद. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर पडला, गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि पुढची जागतिक स्पर्धा हुकली.

ही यादी मुद्दाम सलग दिली. कारण पोस्टरवर फक्त सुवर्णाचा फोटो असतो. त्याच्या मागचा आणि पुढचा महिना पोस्टरवर कधीच येत नाही.

एकटा, पण सोडून दिलेला नाही

ट्रॅकवर तुमच्या बदली दुसरं कुणी पळत नाही. तिथं माणूस एकटाच. पण अविनाशची गोष्ट नीट बघितली तर प्रत्येक वळणावर कुणीतरी उभं दिसतं. अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेस दिली. मध्ये तो परदेशी कोचकडं गेला, ते मानवलं नाही आणि पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडं परतला. नंतर अमेरिकेत कोलोरॅडोला जाऊन स्कॉट सिमन्स यांच्याकडं शिकला. म्हणजे कुणाकडं शिकायचं हे ठरवायलाही डोकं लागतं आणि ठरवलेलं बदलायला हिंमत.

जुनी गोष्ट घ्या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. पुढच्या चार वर्षांत आखाड्यात घाम त्यांनी एकट्यानं गाळला. पण 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! आणि हो, भरतीवाल्यांनी लक्षात ठेवा, हेच खाशाबा 1955 मध्ये पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले.

मुलींसाठी तर हा रस्ता अजून अवघड. पहाटे अंधारात रस्त्यावर एकटीनं पळायचं, म्हणजे आधी घरच्यांचा होकार, मग कुणीतरी सोबत, मग टवाळांच्या नजरा. तरी आपल्याकडं उदाहरणं आहेत. परभणीची ज्योती गवते 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. 42 किलोमीटर, 2 तास 50 मिनिटं 53 सेकंद. मुंबई-पुण्याची नव्हे, आपल्या परभणीची! साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला पोहोचली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर, म्हणजे 1984 नंतर, ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची फायनल गाठणारी ती पहिली भारतीय महिला. ललिताही आधी मॅरेथॉन पळायची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली, मग 2014 मध्ये स्टीपलचेसकडं वळली. एका गोष्टीत मुरलेलं अंग दुसऱ्या गोष्टीला उपयोगी पडलं.

बर्लिनच्या बंद खोल्या

हे फक्त खेळापुरतं आहे का? नाही.

1993 मध्ये अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत एक अभ्यास प्रसिद्ध केला. बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिन वाजवणारे विद्यार्थी घेतले. दहा अत्यंत हुशार, दहा चांगले आणि दहा संगीत शिक्षक होण्यासाठी शिकणारे. सगळ्यांना विचारलं, की लहानपणापासून आजवर एकट्यानं रियाज किती केला? वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतची सरासरी आली ती अशी : पहिला गट 7410 तास, दुसरा 5301 तास, तिसरा 3420 तास.

क्लासमध्ये, ग्रुपमध्ये, कार्यक्रमांत किती वाजवलं हा हिशोब वेगळा. हे तास खोलीचं दार लावून एकट्यानं केलेल्या रियाजाचे आहेत. जिथं चूक झाली तीच जागा पुन्हा, तीच पुन्हा.

यावरूनच पुढं ‘दहा हजार तास’ हा फंडा जगभर गाजला. 2008 मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकानं तो घराघरात नेला. पण खुद्द एरिक्सन यांना हे असं मांडणं पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, नुसते तास मोजून भागत नाही. आपल्याला जे जमत नाही त्याच्यावर लक्ष देऊन केलेला सराव मोजा. रोज त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं, गाणी ऐकत पाच किलोमीटर पळालात तर वर्षानंतरही तुम्ही तेवढेच पळाल. चौथ्या राउंडला दम जातो ना? मग सराव चौथ्या राउंडचा करायचा.

याच अभ्यासात अजून एक गोष्ट होती, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सगळ्यात भारी वाजवणारे विद्यार्थी झोपतही जास्त होते. दुपारची डुलकीसुद्धा घ्यायचे! रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल आणि पहाटे साडेचारला ग्राउंड, याला मेहनत म्हणत नाहीत. ती दुखापतीची तयारी असते.

जनाबाईचं जातं

आता विश्वासाबद्दल. हा शब्द आपल्याकडं लगेच देवळात नाहीतर मोटिव्हेशनल स्पीकरच्या माइकवर जातो. पण आपल्या शेजारीच, गंगाखेडला, याचं फार जुनं उदाहरण आहे.

संत जनाबाई गंगाखेडच्या. गोदाकाठी त्यांचं मंदिर आहे, पालमच्या घराघरातली आजी तिथं कधी ना कधी जाऊन आलेली असते. जनाबाई लहानपणीच घर सुटून संत नामदेवांच्या घरी राहिल्या, तिथं कामाला. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेण्या. स्वतःला त्या नामदेवांची दासी म्हणवत. आणि याच कामातनं त्यांनी अभंग रचले. आज साडेतीनशेच्या आसपास अभंग त्यांच्या नावावर आहेत. सातशे वर्षांनंतरही ते लोकांच्या तोंडात आहेत.

जरा विचार करा. त्यांना वेगळा वेळ कुणी काढून दिला नव्हता. शांत खोली नव्हती. शिक्षण, पद, नाव, काहीच नव्हतं. जातं ओढता ओढता शब्द जुळवायचे. विठ्ठल स्वतः येऊन त्यांच्याबरोबर दळू लागतो, असं परंपरा सांगते. आस्तिक असा नाहीतर नास्तिक, या कथेतली एक गोष्ट कुणालाही पटेल. देवानं त्यांना जात्यावरून उठवलं नाही, शेजारी बसून जात्याला हात लावला. श्रद्धेनं काम कमी झालं नाही, ते करायचं बळ आलं.

आपल्याकडं ‘अमुक झालं की मग मी मनापासून सुरू करणार’ असं म्हणणारे खूप. पुण्याला गेलो की. अॅकॅडमी लावली की. चांगले बूट घेतले की. सोयाबीन विकलं की. आणि दुसरीकडं, शेतात दिवसभर राबून संध्याकाळी अर्धा तास गोळाफेक करणारे आहेत, घरातलं सगळं आवरून रात्री अंकगणिताची दहा उदाहरणं सोडवणाऱ्या आहेत. हे जात्यावरचेच लोक.

मग निवड झालीच नाही तर?

हा प्रश्न टाळून हा लेख संपवला तर तो खोटा ठरेल. पोलीस भरतीला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा 28, मागासवर्गीयांसाठी 33. जागा ठरलेल्या, अर्ज त्याच्या कितीतरी पट. जाहिरात कधी निघेल हे आपल्या हातात नाही. साधं गणित आहे, पहाटे पळणाऱ्यांपैकी बऱ्याचजणांच्या अंगावर वर्दी येणार नाही. मेहनत करूनही येणार नाही.

मग इतकी वर्षं वाया गेली का?

याचं उत्तर ‘नाही नाही, काहीच वाया जात नाही’ असं झटकन देणं सोपं आहे. पण ज्याची चार वर्षं गेलीत, घरचं कर्ज वाढलंय, बहिणीचं लग्न थांबलंय, त्याला असं उत्तर देऊ नये. वेळ जातो, पैसा जातो, हे खरं आहे. म्हणूनच विश्वासाबरोबर हिशोबही पाहिजे. किती वर्षं द्यायची, ते आधी ठरवा. घरी सांगून ठेवा. पदवी अर्धवट सोडू नका. शेवटी ललिता बाबरसुद्धा पळणं संपल्यावर महसूल खात्यात अधिकारी झाली. एकच दार आहे असं समजून पळणं वेगळं आणि चार दारं माहीत असताना एका दाराकडं जीव लावून पळणं वेगळं. दुसऱ्या पद्धतीनं पळणारा शर्यतीत घाबरत कमी असतो.

आणि जे कमावलं ते कुठं जात नाही, हे मात्र खरं आहे. जो पोरगा साडेसहावरून पाच-वीसला आला, त्याला एक गोष्ट आतून कळलेली असते. ‘मला हे जमत नाही’ यापासून ‘मला हे जमतं’ इथवर कसं यायचं, तो रस्ता त्यानं स्वतःच्या पायानं बघितलाय. पुढं तो दुकान टाको, शेती करो, नाहीतर पोरांना ग्राउंडवर शिकवो, हा रस्ता त्याच्या ओळखीचा असतो. ही ओळख विकत मिळत नाही आणि एकदा झाली की कुणाला काढूनही घेता येत नाही.

उद्या सकाळपासून काय?

एक, दहा रुपयांची वही घ्या. तारीख, अंतर, वेळ, झोप किती झाली आणि कुठं दुखतंय, एवढंच रोज लिहा. अविनाशचे 19.89 सेकंद आपल्याला दिसले ते नोंदी आहेत म्हणून. तुमची सुधारणा तुम्हाला दिसत नसेल, तर कदाचित ती झालेली असेल पण लिहिलेली नसेल.

दोन, कालच्या आकड्याशी नाही, तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी तुलना करा. मित्राच्या आकड्याशी तर नकोच.

तीन, रोज फुल स्पीड नको. आठवड्यातून दोनदा कस लावून, बाकीचे दिवस हलकं आणि एक दिवस पूर्ण आराम. नडगीत किंवा गुडघ्यात दुखत असेल तर ‘अंगावर काढणं’ ही बहादुरी नाही, डॉक्टरला दाखवा.

चार, वेळ लावायला एक माणूस शोधा. मित्र, भाऊ, बहीण, कुणीही. पळायचं तुम्हालाच आहे, पण रेषेवर कुणीतरी उभं असलं की चौथा राउंड वेगळा जातो. मुलींनी शक्यतो दोघी-तिघींनी मिळून जावं, आणि घरातल्या दादानं उपदेश देण्यापेक्षा सोबत जावं.

पाच, रस्त्यावर पळताना समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं पळा, अंगात पांढरा किंवा भडक टी-शर्ट घाला आणि कानातले इअरफोन काढा. टायमिंग नंतर सुधारता येतं.

सहा, लेखी परीक्षा 100 गुणांची आहे. मैदान मारलं आणि अंकगणितात गेलं, असं होऊ देऊ नका.

आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, की झालं का काही? तर वही उघडा आणि तारखेनुसार दाखवा. एवढं झालंय, अजून एवढं राहिलंय.

चौकट : स्टीपलचेस म्हणजे काय रे भाऊ?

• अंतर 3000 मीटर, म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकचे साधारण साडेसात राउंड.
• एकूण 35 अडथळे. त्यात 28 साधे आणि 7 पाण्याचे.
• अडथळ्याची उंची पुरुषांसाठी 91.4 सेंटिमीटर, महिलांसाठी 76.2 सेंटिमीटर.
• पाण्याच्या खड्ड्याची लांबी 3.66 मीटर. अडथळ्याजवळ पाणी खोल, पुढं उथळ होत जातं. जेवढी लांब उडी, तेवढं पाय कमी भिजणार.
• हर्डल्समधला अडथळा धक्का लागला की पडतो. इथला पक्का असतो, त्यावर पाय ठेवून जायलाही परवानगी असते.
• पाण्यातनं गेलेले बूट शर्यत संपेपर्यंत ओलेच राहतात. जुन्या काळी एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत ओढे, कुंपणं ओलांडत शर्यती लावत. चर्चच्या या मनोऱ्याला इंग्रजीत स्टीपल म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं.